वहिनीच्या पाठीतलं दुखणं

कुंभकोणम्
९ जानेवारी २०२४

प्रिय सौम्या,

अनेक आशीर्वाद. माझा फोन फुटला. हातातून निसटून अंगणातल्या फरशीवर पडला. तुझे अण्णा म्हणाले, पोंगल होऊ दे, मग बघू. म्हणून कागद घेतला. वडिलांनी लहानपणी बाळबोध अक्षर गिरवून घेतलं होतं, ते असं कामाला येतंय. पुण्याच्या मराठीत राहून राहून तुला आमची तंजावूरची मराठी जुनाट वाटेल, हसू नकोस.

अण्णांवर लक्ष ठेव म्हणून तू फोनवर बजावलं होतंस. तुमचे अप्पा छप्पन्नाव्या वर्षी समयांच्या कारखान्यातच भट्टीपाशी कोसळले आणि गेले; ह्यांना आता चोपन्न होतील, म्हणून तुझा जीव वरखाली होतो, ते समजतं. लक्ष आहे माझं. जेवण चांगलं आहे. झोप चांगली आहे. राग मात्र वाढलाय. परवा कारखान्यात समईचा दांडा वाकडा ओतला गेला, तर ह्यांनी तापलेला चिमटा भट्टीवरच्या कामगाराच्या, नटराजच्या अंगावर फेकला. त्याच्या दंडावर तळहाताएवढा फोड आलाय. घरी येऊन ताट भिंतीवर मारलं. हे रक्तदाबाचं लक्षण असतं का? तू त्या खात्यातली, तुला ठाऊक.

माझं ठीक. मार्गळी महिन्याच्या थंडीत पहाटे उंबऱ्यापुढे रांगोळी काढते, पण हल्ली अर्ध्यावर बसावं लागतं. पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधे कोणी बोट खुपसल्यासारखं होतं. पाच वर्षांची साखर आणि अठ्ठेचाळीसचं वय, दुसरं काय.

उत्तर घरच्या पत्त्यावरच पाठव.

तुझी वहिनी,
शिवकामी


पुणे
१८ जानेवारी २०२४

प्रिय वहिनी,

नमस्कार. पोस्टमनच्या हातून घरचं पत्र घेतलं तेव्हा आमच्या वॉर्डमधल्या पोरी माझ्याभोवती गोळा झाल्या. वाचून मात्र घाबरले. नटराजला दवाखान्यात नेलं का? फोडावर हळद वगैरे लावू देऊ नका.

अण्णाचा राग अप्पांसारखाच आहे, तेव्हा अण्णाचं हृदयही तसंच निघेल अशी मला भीती वाटते. एकवीस वर्षं हृदयरोग्यांच्या वॉर्डात काढली मी. माणसं छाती धरून पडल्यावरच आणतात. त्याआधी दोन-दोन महिने शरीर सांगत असतं, ते कोणी ऐकत नाही. तुम्ही एवढं बघा. जिना चढताना तो थांबतो का? छातीवर दाब येतो म्हणतो का? डावा हात चोळतो का? उगाच घाम येतो का? पायांवर सूज आहे का? यातलं काहीही दिसलं तर लगेच तपासणीला न्या. नाही दिसलं तरी न्याच. सौम्यानं शपथ घातलीय म्हणून सांगा.

तुम्ही साखरेच्या गोळ्या चुकवू नका. पाठीला शेक घ्या.

सौम्या


कुंभकोणम्
३ फेब्रुवारी २०२४

प्रिय सौम्या,

आनंदाची बातमी. तुझ्या शपथेनं हे तपासणीला गेले. छातीची पट्टी काढली, पट्ट्यावर चालवलं, रक्त घेतलं. सुई दोनदा टोचली म्हणून ह्यांनी त्या पोराची कॉलर धरली आणि त्याला कपाटावर आदळलं. मी पाया पडून सोडवलं. पण निकाल स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, विशीतल्या माणसाचं हृदय आहे. घरी येताना ह्यांनी मिठाई आणली आणि आख्ख्या गल्लीला वाटली.

तू लिहिलेलं एकेक मी ह्यांच्यात शोधत होते. जिन्यावर थांबत नाहीत. उलट परवा ह्यांच्या मागून गच्चीवर वाळवण न्यायला निघाले तर मीच आठव्या पायरीवर बसले. श्वास पुरेना. खालचा जबडा असा दुखला की वाटलं दाढ किडली. थोडी बसले, तर आपोआप दुखायचा थांबला. महामहम तलावापर्यंत चालत जायची मी, आता मधे दोन ओट्यांवर टेकते. जेवण नको वाटतं, मळमळतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्यात.

असो. तुझ्या डोक्यावरचा भार उतरला, हे महत्त्वाचं.

शिवकामी


पुणे
९ फेब्रुवारी २०२४

वहिनी,

हे पत्र वाचून झाल्याबरोबर उठा आणि मोठ्या दवाखान्यात जा.

मी मूर्ख आहे. तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलेय. अण्णाचं हृदय शोधता शोधता मी तुमचं वाचलंच नाही. खवाट्यांच्या मधे दुखणं, चढताना जबडा दुखणं आणि बसल्यावर थांबणं, धाप, मळमळ, रांगोळी पुरी करायचंही त्राण नसणं. बायकांचं हृदय पुष्कळदा असंच बोलतं. छातीत कळ येतेच असं नाही, आणि साखर असलेल्या माणसाला तर कमीच येते. वॉर्डात नव्या मुलींना हे मीच शिकवते. आणि घरच्या पत्राला मी लिहिलं काय, तर पाठीला शेक घ्या.

तुमचा फोन लागत नाही म्हणून काल अण्णाला फोन केला. वहिनींना आजच्या आज दाखव म्हटलं. तो म्हणाला, ‘ती ठणठणीत आहे, तुझ्याकडे रडगाणं गायची सवय लागलीय तिला.’ वहिनी, त्याची वाट बघू नका. रिक्षा करा आणि जा.

सौम्या


कुंभकोणम्
१६ फेब्रुवारी २०२४

प्रिय सौम्या,

तू उगाच घाबरलीस. माझं हृदय बरं आहे. ते दुखणं कशाचं आहे ते मला माहीत आहे, आणि तुला सांगितल्याशिवाय तुझी भीती जायची नाही, म्हणून आज सांगते. ह्यांना बाळबोध वाचता येत नाही, सगळी शाळा तमिळमध्ये झाली. तेवढा आधार आहे.

पाठीत दुखतं, कारण डिसेंबरात ह्यांनी मला लाथ घातली, खवाट्यांच्या मधे. जबडा दुखतो, कारण त्याच्यावर ह्यांचा हात बसतो. फोन माझ्या हातून पडला नाही. कारखान्यातला हातोडा आणून ह्यांनी तो माझ्यासमोर फोडला आणि शेवटचा घाव माझ्या बोटांशेजारी, फरशीवर घातला. ह्यांना तुझा फोन आला त्या दिवशी मला मोरीत कोंडून पितळी दांड्यानं मारलं. ‘पुण्याला कळवतेस? माझ्या बहिणीला?’ प्रत्येक वाक्याला एक. मोजायचं मी कधीच सोडलंय.

लग्नाला बावीस वर्षं झाली. मूल व्हावं म्हणून चौदा वर्षं तिरुक्करुगावूरच्या देवीला नवस केले. नाही झालं, त्याचाही मार खाल्ला. तेव्हा हे नवं काही नाही. मार जिथे बसतो तिथे दुखतं, हृदयाचा संबंध नाही. तू निवांत रहा.

यापुढे पत्र घरी पाठवू नकोस. शेजारच्या गंगाबाईंच्या नावानं पाठव. एकाहत्तर वर्षांच्या आहेत, एकट्याच राहतात, आपल्यातल्याच. त्यांच्याकडे फोन करू नकोस. त्यांना ओरडून सांगावं लागतं आणि भिंत एकच आहे.

शिवकामी


पुणे
२० फेब्रुवारी २०२४

वहिनी,

काय लिहू? अण्णानं काय केलं यावर आत्ता लिहायला बसले तर मुद्द्याचं राहून जाईल. तुम्हाला जिवंत ठेवणं आधी.

मार आणि हृदय, दोन्ही असू शकतं. मुक्या माराची जागा दाबली की दुखते, वळलं की दुखते, बसून राहिलं तरी दुखतच राहते. तुमचं दुखणं चालताना येतं आणि बसलं की जातं. तुम्हीच तसं लिहिलंय. आत्ता जबडा दाबून बघा. दुखला नाही, तर माझं ऐका. दुखला, तरी ऐका. विश्रांती घेतानाही दुखू लागलं, किंवा थंड घाम आला, तर एक मिनिटही घरी थांबायचं नाही.

सोबत एक वेगळं पान आहे. ते डॉक्टरांसाठी तमिळमध्ये लिहिलंय. तुमचं वय, साखर, कधीपासून काय होतंय ते सगळं. अंगावर मारहाणीचे व्रण दिसतील, पण ते बघून फसू नये, हृदयाची पट्टी आणि रक्ताची तपासणी करावी, पहिली पट्टी चांगली आली तरी घरी पाठवू नये, असंही लिहिलंय. सरकारी दवाखान्यात तेवढं पान पुढे करा. बोलायची गरज नाही.

मी रजा टाकलीय. एक मार्चला पोचते. तोवर थांबू नका.

तुमची सौम्या


तंजावूर, दवाखान्यातून
२३ मार्च २०२४

प्रिय सौम्या,

तू दोन आठवडे उशाशी बसलीस. रोज विचारलंस, ‘वहिनी, त्या दिवशी नक्की काय झालं?’ तुझ्या तोंडाकडे बघून सांगवलं नाही. चेहरेपट्टी त्याचीच आहे तुझी. आता तू पुण्याला गेलीस आणि महिला पोलीस ठाण्याच्या बाईंनाही सगळं लिहून हवंय. त्यांना तमिळमध्ये दिलं. तुला हे.

अठ्ठावीस फेब्रुवारीला सकाळी विजयराघव कारखान्यात गेला. (त्याला ‘हे’ म्हणणं मी सोडलंय.) मी बाहेरची साडी नेसले, तुझं पान पिशवीत घातलं. पायात चप्पल घालते तोच तो परत आला, चष्मा विसरला म्हणून. साडी बघितली. पिशवी उपडी केली. पान तमिळमध्ये होतं. त्यानं ते उभ्यानं मोठ्यानं वाचलं. साखर वाचली, धाप वाचली. ‘अंगावर मारहाणीचे व्रण’ इथे आला आणि थांबला. परत वाचलं.

मग केस धरून मला ओसरीवरून स्वयंपाकघरापर्यंत ओढत नेलं. पान चुरगाळून माझ्या तोंडात कोंबलं. म्हणाला, ‘गिळ. गिळून टाक.’ मी ते थुंकून टाकलं. तेव्हा दांडा घेतला. खांद्यावर बसला, बरगडीवर बसला, मी चुलीच्या कट्ट्याखाली शिरले तर लाथेनं बाहेर काढलं. सौम्या, मार मला पाठ आहे. कुठला कसा दुखतो, किती वेळ दुखतो, सगळं ठाऊक आहे. पण त्यात एकदम दुसरंच काही आलं. जिथे तो मारत नव्हता तिथे. पाठीतून जबड्यात, जबड्यातून दोन्ही हातांत. घाम असा सुटला की फरशी ओली झाली. ओकले. तेव्हा मला कळलं की तू म्हणत होतीस ते हे.

मी म्हटलं, ‘मला दवाखान्यात न्या. हृदय आहे.’ तो म्हणाला, ‘नाटक करू नकोस.’ आणि पाट ओढून बसला, माठातलं पाणी प्यायला, माझ्याकडे बघत. किती वेळ ते सांगता येत नाही. तो बघत होता आणि मी मरत होते, एवढंच.

गंगाबाई परसदारानं आल्या. त्यांना कमी ऐकू येतं, पण दांडा भिंतीवर आपटला तो हादरा त्यांच्या पाठीला जाणवला म्हणे. हातात नारळ फोडायचा कोयता. तो उठला तर कोयता त्याच्या पोटाशी धरून म्हणाल्या, ‘विजया, माझं वय झालंय. मला तुरुंगाची भीती नाही. बाजूला हो.’ तो हसला. त्यांनी कोयता पुढे रेटला. सदऱ्यावर रक्त आलं तेव्हा तो सरकला. त्यांनी मला फरफटत रिक्षात घातलं. ते पान माझ्या केसांत अडकलं होतं, ते त्यांनी मुठीत घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरीण पोरगेलीशी होती. माझी दशा बघून ती बरगड्या चाचपू लागली, एक्स-रे लिहिला, पोलिसांना बोलवा म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. जो बघेल त्याला मारच दिसला असता. गंगाबाईंनी लाळेनं ओलं झालेलं ते पान टेबलावर पसरलं आणि तळव्यानं सरळ केलं. तिनं दोन ओळी वाचल्या आणि ओरडली, ‘ईसीजी आणा, आधी ईसीजी!’ पुढचं तुला डॉक्टरांनी सांगितलंय. तंजावूरला आणलं, नळी फुगवून जाळी बसवली. हृदयाचा एक भाग मात्र गेला तो गेलाच.

विजयराघव जामिनावर सुटलाय. पोलीस बाई म्हणतात, गंगाबाईंची साक्ष आहेच, पण घरातलं कोणी असेल तर बळ येईल. मी त्यांना म्हटलं, घरातलं कोणी नाही. तुला मागत नाही मी. तुझा सख्खा भाऊ आहे तो.

शिवकामी


पुणे
४ एप्रिल २०२४

वहिनी,

‘घरातलं कोणी नाही’ हे तुम्ही बरोबर सांगितलंत. आजवर नव्हतंच.

माझ्या दोन बोटांना प्लास्टर होतं ते तुम्ही बघितलंत. टॅक्सीच्या दारात सापडली असं मी सांगितलं. खोटं. तुमचे कपडे आणायला मी घरी गेले होते. अण्णा म्हणाला, ‘तिच्या बाजूनं उभी राहणार? अप्पा आईला मारायचे तेव्हा तू कुठे उभी होतीस?’ मी म्हटलं, तेव्हा मी लहान होते. तो म्हणाला, ‘सतरा वर्षांची होतीस. आणि शिवकामीला मी मारतो हे तुला ठाऊक नव्हतं?’ मी कपाटाकडे वळले तर त्यानं माझा हात चौकटीवर धरला आणि दार लावलं. हाडांचा आवाज आला. मग दार उघडून म्हणाला, ‘जा, पोलिसांना सांग.’ मी खाली आले आणि रिक्षावाल्यानं विचारलं तर आपोआप तोंडून गेलं, दारात सापडली. किती सहज येतं ते, वहिनी! एका माराबरोबर लगेच येतं.

आई सत्तेचाळीसची होऊन गेली. पोटातल्या गॅसनं गेली असं आम्ही सांगतो. जिना चढताना ती जबडा धरून थांबायची. आम्ही म्हणायचो, अप्पांनी थोबाडीत दिलीय ते दुखत असेल. दुपारची आडवी पडायची, पाठ दाबून दे म्हणायची. मी दाबून द्यायचे, तर म्हणायची, ‘तिथे नाही ग, आत.’ एकवीस वर्षं मी हे काम करतेय आणि तुमचं पत्र येईपर्यंत एकदाही मला हे आठवलं नव्हतं. अप्पांचं हृदय आख्ख्या घराच्या लक्षात राहिलं. आईलाही हृदय होतं, हे कोणाच्या मनातच आलं नाही.

मी जबाब दिलाय. नोटरीकडे सही करून ठाण्याला पाठवलाय, एक प्रत तुम्हाला. बोटांचं लिहिलंय, फोनवर तो जे बोलला ते लिहिलंय. दुसऱ्या पानावर माझं स्वतःचं आहे. तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी सुट्टीला आले होते. तुमच्या कानातून रक्त येत होतं आणि तुम्ही पदरानं ते झाकत होतात. मी बघितलं. तुम्हीही बघितलंत की मी बघितलं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मी पुण्याला निघून आले आणि परत कधी विचारलं नाही. अण्णा बरा आहे ना, हे मात्र दर महिन्याला विचारत राहिले.

ते पान वाचा. त्यानंतर मला पत्र लिहावंसं वाटलं तर लिहा. नाही वाटलं तर समजेन.

सौम्या


आडुतुरै
१२ जुलै २०२४

प्रिय सौम्या,

तीन महिने उत्तर दिलं नाही. फार राग आला होता. खरं सांगते, विजयराघवाचा आला नव्हता इतका तुझा आला. तो मारत होता तेव्हा मला वाटायचं, हे कोणाला ठाऊक नाही. आणि तुला वीस वर्षं ठाऊक होतं. जेवताना आठवायचं आणि हातातला घास खाली ठेवायची. गंगाबाई म्हणाल्या, ‘राग धर, पण गोळ्या घे.’ तशा घेतल्या.

मी आता इथे आडुतुरैला एका खोलीत राहते. खालीच शिवणाचा वर्ग आहे, तिथे पोरींना कटिंग शिकवते. जिना आहे. चढते, मधे थांबते, पुन्हा चढते. गेल्या महिन्यात वर्गातल्या एका पोरीची आई आली, सारखी थकते म्हणाली, आणि पाठ दुखते. ती सांगत असतानाच मी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिचं हृदय चांगलं निघालं, रक्त कमी होतं. ती मला हसली. हसू दे.

काल कुंभकोणम्‌ला तारीख होती. तुझ्या जबाबाची दोन्ही पानं मॅजिस्ट्रेट बाईंनी कारकुनाकडून वाचून घेतली. दुसरं पान वाचताना विजयराघवाच्या वकिलानं हरकत घेतली, की हिनं स्वतः काही केलं नाही तर हिच्या सांगण्याला अर्थ काय. बाई म्हणाल्या, ‘स्वतःविरुद्ध लिहिणारा साक्षीदार मला रोज भेटत नाही. पुढे वाचा.’ ते ऐकलं आणि तुला पत्र लिहायचं ठरवलं. राग गेलेला नाही. रागासकट लिहितेय.

विजयराघवानं माझ्या जवळ यायचं नाही, या खोलीवर यायचं नाही, गंगाबाईंच्या दारातही नाही, असा हुकूम झाला. मारहाणीचा खटला वेगळा, तो चालेल अजून. बाहेर व्हरांड्यात आलो. शंभर माणसं असतील. तो घाईनं माझ्याकडे आला, तोंड लाल, आणि सवयीनं हात उचलला. महिला पोलिसानं तो मनगटात धरला आणि पिरगाळून त्याला भिंतीला लावलं.

सौम्या, बावीस वर्षांत तो हात एवढा वर गेलेला मी काल पहिल्यांदा पाहिला. आजवर त्याच्या आधीच माझे डोळे मिटायचे.

शिवकामी